माळ उतरवल्यावर घरचे असे का वागतात?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. घर फलटणजवळ, घरात तीन पिढ्यांची आषाढी वारी. सातव्या वर्षी गळ्यात माळ पडली. यंदा पालखी निघायच्या आठ दिवस आधी त्याने ती काढून देवघरात ठेवली आणि वडिलांना सांगितलं, ‘अण्णा, देव आहे असं मला वाटत नाही. उगाच खोटं चालायला नको.’ तेव्हापासून अण्णा त्याच्याशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते आईमार्फत. आजी त्याला बघितलं की डोळ्यांना पदर लावते. आत्याचं म्हणणं, पुण्यात कुणीतरी डोक्यात भरवलंय. गावातले मित्र ‘नास्तिक महाराज की जय’ करतात. तो विचारतो : मी कुणाचं काय वाकडं केलं? ही माणसं अशी का वागतात, किती दिवस वागणार, आणि उद्या मला वाटणीतून काढतील का?

तुझं वय माझ्या धाकट्या मुलाएवढं आहे, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी साताऱ्यात कुटुंब समुपदेशनाचं काम करते, २३ वर्षं झाली. ‘पोरानं देव सोडला’ अशी तक्रार घेऊन आमच्याकडे सहसा कुणी येत नाही. येतात ते ‘मुलगा ऐकत नाही’, ‘सून घरात मिसळत नाही’ असं म्हणत. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कधीतरी आई हळूच सांगते की त्यानं जानवं काढलंय, किंवा तिनं चतुर्थी सोडली. मग कळतं की खुपतंय काय.

सगळ्या घरांना एकच उत्तर लागू होत नाही. तू स्वतः कमावतोस की घरच्यांवर अवलंबून आहेस, लग्न झालंय की व्हायचंय, घरात बहिणी लग्नाच्या आहेत का, गाव किती मोठं, जात-समाजाची पकड किती, या सगळ्यावर पुढचं ठरतं. सगळ्यात मोठा फरक मुलगा की मुलगी याचा. मुलाने देव सोडला तर त्याला ‘शिकून शहाणा झाला’ असा टोमणा मिळतो. सुनेने वटपौर्णिमा सोडली तर तिचा देवावर विश्वास नाही असं कुणी म्हणत नाही, ‘हिला माझा पोरगा जगायला नकोय’ असं म्हणतात. माझ्यासमोर बसून एका सासूबाईंनी हे वाक्य शब्दशः म्हटलंय, आणि त्या वाईट बाई नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी त्याच मुलाला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स उतरल्या होत्या, आणि बाई तीन रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होत्या. सुनेचा तर्क बरोबर होता. पण तो तर्क या बाईंपर्यंत कोणत्या वाटेने पोचणार होता?

तर तुझ्याकडे येते. तू मुलगा आहेस, कमावता आहेस, पुण्यात राहतोस. म्हणजे तुझी बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. हे मी तुला हिणवायला सांगत नाही. तुझ्या घरात सध्या कमकुवत बाजू तुझी नसून अण्णांची आहे, एवढंच दाखवायचंय.

तू अण्णांना सांगितलंस, देव नाही. अण्णांना त्यातलं ऐकू काय आलं असेल? माळकरी घरं मी जवळून पाहिलीत, त्यावरून सांगते. ‘देव आहे का नाही’ हा त्या घरांतला प्रश्नच नसतो. वारी हा नेम असतो. आजोबांनी चालवली, अण्णांनी चालवली, पुढे तू चालवणार. ‘वारी करणं’ आणि ‘वारी चालवणं’ यांत फरक आहे, आणि तो फरक तुला लहानपणापासून माहीत आहे. चालवायची गोष्ट मध्येच थांबली तर ज्याच्या हातून थांबली त्याच्यावर ठपका येतो. म्हणजे तू माळ काढलीस आणि वारी बुडवल्याचा ठपका आला अण्णांवर.

शिवाय माळ ही गावातली पतही असते. माळकरी म्हणजे मटण नाही, दारू नाही, शब्दाला जागणारा. मुलगी देताना ‘पोरगा माळकरी आहे’ एवढ्यावर निम्मी चौकशी संपते. उलटं काय होतं? माळ काढली असं गावात कळलं की पहिला प्रश्न ‘का काढली’ हा नसतो. ‘काय खायला लागला?’ हा असतो. तू तत्त्वज्ञान सांगत होतास आणि गाव तुझ्या ताटात डोकावत होतं. अण्णांना पारावर कुणीतरी हे विचारलं असणार, आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांनाही ते माहीत नाही.

आता तुझ्या मजकुरातल्या दोन गोष्टी, ज्या तू जाता जाता लिहिल्यास. एक, ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणला मुक्कामाला असते तेव्हा तुमच्या घरी दिंडीची पंगत असते, आणि यंदा तू त्या दिवशी पुण्यातच थांबलास, ‘उगाच वाद नको म्हणून’. दुसरी तू कंसात लिहिलीस : आषाढी एकादशीच्या दिवशी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका भोंदूबाबाचा व्हिडिओ टाकला होतास, ‘पण तो वारीबद्दल नव्हता’.

बाबा रे, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कंसात आहे. एकादशीच्या दिवशी, ज्या दिवशी अण्णा पंढरपुरात होते, पायाला फोड आले होते, फोन कुणाचा तरी मागून घरी केला असेल, त्या दिवशी तो व्हिडिओ. तो वारीबद्दल नव्हता हे तुला माहीत. पाहणाऱ्या आत्याला काय दिसलं? आणि पंगतीचं म्हणशील तर दोन-अडीचशे माणसं दारात जेवून गेली. पिठलं-भाकरीच्या परड्या फिरल्या, आणि दरवर्षी पाण्याचा जग घेऊन फिरणारं पोरगं दिसलं नाही. ‘थोरला कुठाय?’ हे त्या दिवशी आईला किती जणींनी विचारलं असेल? तू वाद टाळलास, आणि उत्तरं द्यायला आईला एकटीला मागे ठेवलंस.

हे मी इतकं लांबवते आहे त्याला कारण आहे. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडच्या हिंदू घरांत मनात काय आहे याची चौकशी फारशी कुणी करत नाही. पाटावर बसलास की नाही, पंगतीला होतास की नाही, आरतीला उभा राहिलास की नाही, हे बघितलं जातं. घरं अविश्वास पचवतात, गैरहजेरी त्यांना पचत नाही. कित्येक घरांत एखादा काका असतो, जो आयुष्यभर देवाची टिंगल करतो आणि गणपतीत मखर मात्र त्याच्याशिवाय उभं राहत नाही. त्याला कुणी वाळीत टाकत नाही.

ही आजची गोष्ट नाही. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी व्याख्यानाला जाऊन चहा-बिस्किटं घेतली, आणि त्यावरून ग्रामण्य झालं, म्हणजे त्यांना जातीबाहेर टाकायचा वाद उभा राहिला. टिळक आणि रानडे दोघंही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी काय झालं? रानड्यांसारख्या माणसानेही प्रायश्चित्त घेतलं. रानड्यांची मतं बदलली असं त्यांच्या विरोधकांनाही वाटलं नसेल. पण समाजाला मत बदलून नकोच होतं. ताम्हनात पळीभर पाणी सोडलं की दार उघडत होतं. ते घ्यावं की न घ्यावं यावरून सुधारकांतच पुढे बरीच भांडणं झाली, आणि तुझ्या डोक्यात आज जे भांडण चाललंय ते थेट तेच आहे.

म्हणून ‘मग मीही पळीभर पाणी सोडून मोकळा होऊ का?’ असं तू विचारशील. नाही. त्याकडे येते. त्याआधी तुझ्या घरात नेमकं काय चाललंय ते ओळखायला हवं. अबोला आणि बहिष्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

मी घरी जाणाऱ्यांना एक काम देते : ताट बघ. तू गेल्यावर तुझं ताट कोण वाढतं, कुठे वाढतं, तुझ्यासाठी काही राखून ठेवलेलं असतं का. एका घरात वडील मुलाशी दीड वर्ष बोलत नव्हते. मुलगा सांगायचा, मला घरात जागाच नाही. मी विचारलं, एकादशीला घरी असतोस तेव्हा काय खातोस? म्हणाला, भाकरी. घरात सगळ्यांना उपास, चुलीवर भगर आणि शेंगदाण्याची आमटी, मग भाकरी कुठून येते? तो गप्प झाला. वडील पहाटे काकड्याला देवळात जायचे, तेवढ्या वेळात आई दोन भाकऱ्या थापून फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि वडील परत आल्यावर तवा धुतलेला असायचा. पुढे वडिलांना एकटं भेटले तेव्हा ते म्हणाले, ‘मला काय कळत नाय व्हय? पिठाच्या डब्याचं झाकण उघडं असतंय.’ दीड वर्ष त्यांनी ते झाकण बघितलं आणि बायकोला एका शब्दाने विचारलं नाही. याला अबोला म्हणतात. अबोल्यात एक फट असते, आणि ती दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

बहिष्कारात फट नसते. तिथे घरचे नव्हे तर समाज, पंच किंवा धर्मगुरू ठरवतात की याच्याशी बोलायचं नाही, याच्याकडे मयताला जायचं नाही, मुलगी द्यायची नाही. आणि जो बोलेल त्यालाही दंड. आपल्याकडे जात पंचायतींनी हे भरपूर केलंय. दाऊदी बोहरा समाजातल्या बहिष्काराचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ साली न्यायालयाने रद्द ठरवला. नंतर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या गावात कुणी पंच म्हणून बसून तुमच्या घराशी व्यवहार तोडायला सांगितलं, तर हा कायदा आहे हे लक्षात ठेव. पण बाप बोलत नाही यावर कुठलाही कायदा नाही, आणि नसावाच.

वाटणीचं एका दमात सांगते. देव न मानल्याने हिंदू वारसा कायद्यात तुझा हक्क जात नाही. कायद्याच्या लेखी तू हिंदूच आहेस, माळ असो वा नसो. वडिलोपार्जित जमिनीत तुझा हिस्सा जन्माने आहे. अण्णांनी स्वतः कमावलेलं असेल ते मात्र ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, आणि त्यासाठी त्यांना कारण सांगावं लागत नाही. दुसऱ्या धर्मात गेलेल्याचाही वारसा निव्वळ त्या कारणाने जात नाही, ही तरतूद पहिल्यांदा इंग्रजांच्या काळात, १८५० साली झाली. बाकी तपशिलासाठी तालुक्यातल्या एखाद्या वकिलाला कागद दाखव. मला तरी तुझ्या मजकुरात वाटणीची धमकी कुठे दिसली नाही. ती भीती तुझी तू घातलेली दिसते.

आता ‘किती दिवस’. याला आकडा नाही. माझ्यासमोर आलेल्या घरांत चार महिन्यांत निवळलेलंही आहे आणि नऊ वर्षं चाललेलंही आहे. साधारण चाल मात्र सारखी असते. आधी दोष बाहेरच्याला जातो : कुणीतरी भरवलं, अंनिसवाल्यांच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) नादी लागला, कॉलेज नडलं. (अंनिसची गंमत अशी की तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मभर सांगत राहिले, आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला आहे. कुणी ऐकून घेतलं? २०१३ साली पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या त्या माणसाला गोळ्या घातल्या.) मग उपाय सुरू होतात. कुणी महाराजांकडे नेतं, कुणी पत्रिका दाखवतं, कुणी कुलदैवताचं राहिलंय का ते आठवतं. त्यानंतरचा हुकमी उपाय म्हणजे लग्न, ‘बेडी पडली की येईल ताळ्यावर’. हा टप्पा सांभाळ. एका परक्या मुलीला तुझं औषध म्हणून घरात आणू देऊ नकोस. स्थळ आलं तर पहिल्या भेटीत तिला स्वच्छ सांग. त्यानंतर येतो तो नुसता थकवा. आणि थकलेल्या घरात, कुणी काही जाहीर न करता, तुझ्यासाठी एक जागा तयार होते. ती आधीची नसते, जरा कडेची असते, पण असते.

त्या जागेपर्यंत जाताना काय करायचं, हे आता माझ्या पद्धतीने सांगते. सगळ्या सहकाऱ्यांना ही पद्धत पटत नाही, हेही सांगून ठेवते.

पहिली गोष्ट, देवाबद्दलचा वाद बंद. जिंकत असलास तरी बंद. सुरुवातीच्या काळात मी याच्या उलट सांगायचे. एका मुलाला मी म्हटलं होतं, सगळ्यांना एकत्र बसव आणि एकदाच मन मोकळं कर. त्याने ते केलं गौरी जेवणाच्या दिवशी, कारण सगळे एकत्र त्याच दिवशी होते! पुरणपोळ्या वाढलेल्या, सवाष्णी बसलेल्या, आणि हा उभा राहून म्हणतो, मला काही बोलायचंय. त्याच्या आईने पुढच्या वर्षी गौरी बसवल्याच नाहीत. तो दोष त्याच्याइतकाच माझा होता.

दुसरी गोष्ट जरा निवांत कर. घरात देवाधर्माच्या नावाने ज्या ज्या गोष्टी तुझ्याकडून अपेक्षित आहेत त्या कागदावर लिही आणि त्यांना तीन खुणा कर. जे केलं तर खोटं बोलल्यासारखं होईल ते एक. जे नुसतं काम आहे ते दुसरं. आणि जे करताना जीव थोडा कसनुसा होतो, पण मोडत नाही, ते तिसरं. तुझी माळ पहिल्यात आहे. ती पुन्हा घालू नकोस, आजीच्या डोळ्यांसाठीसुद्धा नाही. पळीभर पाण्याला मी नाही म्हटलं ते यासाठी. समजुतीखातर घातलेली माळ एक दिवस पुन्हा काढावी लागते, आणि दुसऱ्यांदा काढलेली माळ कुणी माफ करत नाही. तेव्हा तो तुझा विचार राहत नाही, थट्टा होते. पंगतीला पाणी वाढणं मात्र दुसऱ्यात आहे. भुकेल्या माणसाला वाढायला देव मानावा लागत नाही. दिंडीचा ट्रक, राहुट्या, अण्णांचं गाठोडं, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मुक्कामावर पोचवणं, हे सगळं काम आहे. माझ्या ओळखीचा एक जण दरवर्षी रजा काढून दिंडीच्या ट्रकवर असतो. गळ्यात माळ नाही, कपाळाला बुक्का नाही. सुरुवातीला बुवा त्याच्याकडे बघायचे नाहीत. आता जॅक अडकला की त्यालाच हाक मारतात. आरतीला उभं राहणं कुठल्या रकान्यात घालायचं ते तुझं तू ठरव. मी स्वतः उभी राहते, टाळ्या वाजवते, म्हणत नाही.

तिसरं, अण्णांच्या मनातले जे दोन प्रश्न ते कधीच विचारणार नाहीत, त्यांची उत्तरं न विचारता दे. एक, ‘काय खायला लागला?’ तू खरोखर शाकाहारी असशील तर सांग, ‘अण्णा, माळ काढली, पण मटण-दारूला शिवलेलो नाही.’ नसशील तर हे वाक्य बोलू नकोस. खोटेपणा नको म्हणून तर माळ काढलीस. दुसरा प्रश्न, माझ्यामागे वारीचं काय? इथे मला तुझ्या मजकुरात एक दार दिसलं. तू लिहिलंयस की धाकटी बहीण दरवर्षी फलटण ते बरड अण्णांबरोबर चालते, तिला हरिपाठ तोंडपाठ आहे. मग वारी पुढे कोण चालवणार हा प्रश्न तुमच्या घरात तुझ्याच भोवती का फिरतोय? तिला कुणी विचारलंय का? डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायकांशिवाय पालखीचं चित्र तरी डोळ्यांसमोर येतं का? मी हे सुचवते आहे, ठरवायचं तिने. तिला नको असेल तर तुझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवू नकोस.

अंत्यविधीचं. हा विषय लोक टाळतात आणि मग तो नको त्या दिवशी समोर येतो. माझं मत सरळ आहे : वडिलांचा शेवट वडिलांचा, तुझा तुझा. त्यांची इच्छा असेल तर अग्नी दे, दहावा कर, मनात काही असो. तुझ्या स्वतःच्या बाबतीत मात्र काय हवं ते लिहून ठेव आणि घरात दोघांना सांग. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, पुष्कळ विरोध सोसला. १९७७ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता मुंबईत चंदनवाडीला विद्युतदाहिनीत दहन झालं. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून ते होऊ शकलं. नाहीतर गेलेल्या माणसाला कोण विचारतं?

घरच्या बाकी माणसांबद्दल एक सांगते. तू बदलायला किती वर्षं घेतलीस? अकरावीत शंका आली, असं लिहिलंयस, म्हणजे दहा वर्षं. त्यांना तू चार महिने दिलेस. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. चार-पाच वर्षांची ताटातूट झाली. त्या काळात लक्ष्मीबाईंचं सोवळं गेलं ते वादात हरून नाही. पाणी कुणाच्या हातचं प्यावं आणि का पिऊ नये, यावर त्यांनी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या वेळेने विचार केला. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तुझ्या घरात कुणी तुझ्या बाजूला यावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. घराची गती चुलीजवळ ठरते, ग्रुपवर नाही, इतकंच त्यातून घे.

मित्रांचं फार मनावर घेऊ नकोस. ‘नास्तिक महाराज’ हे अजून प्रेमातच आहे. ज्याला वाळीत टाकायचं त्याची कुणी टिंगल करत नाही. कधीतरी त्यातला एखादा रात्री बांधावर बसून हळूच म्हणेल, ‘मला बी तसंच वाटतं, पण घरी सांगू नको.’ त्याचं नाव कुठे फोडू नकोस. आणि असा एखादा-दुसरा माणूस तुला लागणारच आहे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी धर्म सोडला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तेव्हा वस्त्याच्या वस्त्या एकत्र बाहेर पडल्या. माझ्या एका मैत्रिणीची आजी सांगायची, आम्ही देव नदीत सोडले आणि घरी येऊन सगळ्या आयाबायांनी एका ठिकाणी स्वयंपाक केला. गावाने त्रास दिला तो दिलाच, पण संध्याकाळी जेवायला सोबत होती. तू एकटा बाहेर पडलास, तुझ्या पंगतीला कुणी नाही. वाद घालणारी मंडळी पुण्यात ढिगाने मिळतील. सोबत बसून जेवणारी शोध.

आणि हे सगळं तुझ्यासारख्या घरांसाठी. मारहाण, कोंडून ठेवणं, भगताकडे नेऊन धूर-चाबूक, मुलीचं जबरदस्तीने लग्न, यातलं काही असेल तर ताट बघत बसायचं नाही. बाहेर पडायचं आणि पोलीस ठाणं गाठायचं. अंगातलं भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ पासून स्वतंत्र कायद्याने गुन्हा आहे. अशा घरांतल्या कुणी हे वाचत असेल तर वरचा सबुरीचा सल्ला तुमच्यासाठी नाही.

माझं स्वतःचं म्हणशील तर आमचं घर कडक सोवळ्याचं. चोविसाव्या वर्षी मी सोडलं, आणि आईने माझा तांब्या वेगळा केला. नऊ वर्षं तो वेगळा होता. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा दुपारी तिने मला देवघरासमोर बसवून वाती वळायला लावल्या, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. मी वळल्या. तिने हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाली, ‘जाड झाल्या. तेल फार पितील.’ तांब्याचा विषय नंतर निघाला नाही.

येत्या शनिवारी घरी जाणार आहेस असं लिहिलंयस. पहिल्या दिवशी काही बोलू नकोस. तो व्हिडिओ टाकला त्याबद्दल मात्र आत्याला फोन करून आधीच ‘चुकलं’ म्हण. मताबद्दल नव्हे, दिवसाबद्दल. अण्णा अंगणात असतील तर अंगणात बस, शेतात जातील तर मागे जा, मोटर चालू करायची असेल तर कर. ते आईमार्फत बोलले तर तूही आईमार्फत उत्तर दे, हसू नकोस. परत आलास की मला दोन ओळी लिही. काय बोलणं झालं ते नको, ताट कोणी वाढलं ते लिही.